ओठांतले फिलर, पोटातले बाळ आणि फ्रिजमधली सिरिंज

प्रश्न: माझे वय 31 असून हे माझे पहिलेच गर्भारपण आहे. शेवटची पाळी 12 जानेवारीला आली होती. 9 फेब्रुवारीला मी ओठांमध्ये फिलर, म्हणजे ओठ भरीव दिसावेत म्हणून टोचले जाणारे जेल, घेतले. दिवस गेले असतील याची तोपर्यंत मला कल्पनाही नव्हती. 17 फेब्रुवारीला घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा उमटल्या आणि तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. सिरिंज एक मिलीची होती, त्यातले निम्म्याहून थोडे अधिक वापरले आणि उरलेले माझे नाव लिहून फ्रिजमध्ये ठेवले आहे, असे मला सांगण्यात आले. आता पंधरावा आठवडा चालू आहे. बाराव्या आठवड्यातील सोनोग्राफी व्यवस्थित आली. परंतु फिलरबद्दल मी माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना, नवऱ्याला किंवा सासूबाईंना अजून काहीच सांगितलेले नाही. हे गर्भारपण पुढे न्यावे की नाही, असाही विचार एकदा मनात येऊन गेला. जुलैअखेरीस डोहाळजेवण ठरले आहे. त्याआधी उरलेल्या सिरिंजमधून मोफत टच-अप करून देऊ, हे द्रव्य शरीरात मुळातच असते, बाळाला त्याने काही होत नाही, असे त्या ब्युटी क्लिनिकमधून दोनदा फोन करून सांगितले गेले. टच-अप घ्यावा का? आणि जे घडून गेले त्याचे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमच्या पत्रातले सर्वांत जड वाक्य तुम्ही मध्येच कुठेतरी लिहून पुढे गेला आहात, म्हणून त्याचेच उत्तर आधी देते. गर्भ राहिल्याचे ठाऊक नसताना ओठांत फिलर घेतले गेले, एवढ्यासाठी गर्भपात करावा असे कोणतेही वैद्यकीय कारण नाही. तो विचार मनातून पूर्णपणे काढून टाका. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तितकेच स्पष्ट आहे: टच-अप घेऊ नका, डोहाळजेवणापूर्वी नको आणि त्यानंतर बाळंतपणापर्यंतही नको. नाव लिहून फ्रिजमध्ये ठेवलेली ती सिरिंज तर, तुम्हाला दिवस गेले नसते तरीही, घेऊ नका असेच मी सांगितले असते. झालेले धोक्याचे नव्हते तर पुढचे का नको, असा प्रश्न यावर तुमच्या मनात येईल आणि तो रास्त आहे, म्हणून कारणे सविस्तर लिहिते.

आधी तारखा पाहू. गर्भारपणाचे आठवडे आपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. प्रत्यक्ष गर्भधारणा मात्र त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. तुमची पाळी नियमित असेल, तर गर्भधारणा 26 जानेवारीच्या सुमारास झाली असणार आणि 9 फेब्रुवारीला, म्हणजे ओठांत सुई टोचली गेली त्या दिवशी, तो गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा होता. गर्भाशयाच्या अस्तरात तो नुकताच रुजला होता आणि आईच्या रक्तातून त्याला पोसणारी वार अजून घडायची होती. हृदय, मेंदू, हातपाय आकाराला येण्याचे काम त्यानंतर सुरू होते. या पहिल्या दोन आठवड्यांत एखाद्या गोष्टीचा खरोखरच मोठा आघात झाला तर बहुधा गर्भ टिकतच नाही, आणि टिकला तर पुढे तो नेहमीसारखाच वाढतो, असे वैद्यकशास्त्र मानते. तुमचा गर्भ टिकला आणि बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत व्यवस्थित दिसला. यापुढे 18 ते 20 आठवड्यांच्या दरम्यान होणारी, बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी सर्वच गर्भवतींप्रमाणे तुम्हीही करून घ्यालच; फिलरपायी त्याहून वेगळी अशी कोणतीही चाचणी लागत नाही.

आता त्या द्रव्याबद्दल. उत्पादनाचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, परंतु ओठांसाठी आज बहुतेक ठिकाणी हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे फिलर वापरतात, म्हणून सध्या तेच गृहीत धरते. नावात अ‍ॅसिड असले तरी तो जाळणारा पदार्थ नाही. पाणी धरून ठेवणारी ती साखरेची एक लांबलचक साखळी आहे. 1934 मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी ती प्रथम गाईच्या डोळ्यातील काचेसारख्या पारदर्शक द्रवातून वेगळी केली. 70 किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात हायल्युरॉनिक अ‍ॅसिड साधारण 15 ग्रॅम असते आणि त्यातील सुमारे एक तृतीयांश, म्हणजे 5 ग्रॅम, दररोज मोडून नव्याने घडते. एक मिली फिलरमध्ये ते बहुधा 20 ते 25 मिलिग्रॅम असते, म्हणजे तुमच्या ओठांत फार तर 15 मिलिग्रॅमच्या आसपास गेले असेल. शरीर एका दिवसात जेवढे मोडून टाकते त्याचा हा हजारात तीन भाग झाला. शिवाय फिलरमध्ये या साखळ्या एकमेकींना बांधून त्यांचे घट्ट जेल केलेले असते. ते टोचलेल्या जागीच राहते, महिनोन्‌महिने हळूहळू विरघळते आणि त्यातला जो अंश सुटून रक्तात जातो त्याचा निचरा यकृत काही मिनिटांत करते. साखळ्या बांधण्यासाठी वापरलेल्या रसायनाचा उरलेला अंश चांगल्या उत्पादनांत दशलक्षात 2 भागांहूनही कमी असतो. तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाळाच्या नाळेत रक्तवाहिन्यांभोवती जो मऊ, लिबलिबीत थर असतो, नाळेला पीळ बसला तरी आतल्या रक्तवाहिन्या दबू नयेत म्हणून असलेला, त्यातही हेच हायल्युरॉनिक अ‍ॅसिड भरपूर असते.

जेलबरोबर भुलीचे औषधही जाते, हे अनेकींना माहीत नसते. बहुतेक फिलरमध्ये 0.3 टक्के लिडोकेन मिसळलेले असते. तुमच्या वाट्याला ते सुमारे 2 मिलिग्रॅम आले असेल. दंतवैद्य दाढेजवळ 2 टक्के लिडोकेनचे दोन मिली इंजेक्शन देतात तेव्हा 40 मिलिग्रॅम जाते आणि गरज पडल्यास असे उपचार गर्भवतींवर निःशंकपणे केले जातात. तेव्हा त्या दिवशीच्या भुलीचीही धास्ती बाळगू नका.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की, क्लिनिकमधून फोनवर सांगितले गेले तेच मीही सांगते आहे. त्यांनी सांगितलेले खोटे नव्हते, अर्धे होते. हे शरीरात मुळातच असते, ही गोष्ट पदार्थापुरती खरी आहे. सुई, ती धरणारा हात, टोचायची जागा, जंतू आणि काही बिघडलेच तर करावे लागणारे उपचार, यांच्याविषयी ती काहीच सांगत नाही. फिलरच्या खोक्यात एक बारीक अक्षरांतला घडीचा कागद असतो, तो पेशंटच्या हाती सहसा पडत नाही. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये या उत्पादनाची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही, असे त्यात कंपन्यांनी स्वतःच लिहिलेले असते. याचा अर्थ ते घातक ठरले आहे असा नव्हे. ते कोणी रीतसर तपासलेलेच नाही, असा आहे. पुढेही ते तपासले जाणे कठीण, कारण केवळ रूपासाठी घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनाची चाचणी गर्भवतींवर करायला कोणती समिती परवानगी देईल? थायरॉइडची गोळी, फिट्सचे औषध, इन्सुलिन यांची गोष्ट वेगळी. तिथे औषध न दिल्याने आईचे आणि बाळाचे होणारे नुकसान समोर असते, त्यामुळे धोका आणि फायदा दोन पारड्यांत घालून आम्ही निर्णय घेतो. ओठांच्या फिलरसाठी फायद्याच्या पारड्यात घालायला वैद्यकीय असे काहीच नाही, म्हणून दुसऱ्या पारड्यात अगदी थोडे असले तरी तेच जड भरते.

ते थोडे म्हणजे काय, हे जवळून पाहू. आरशासमोर उभ्या राहा आणि खालचा ओठ बोटाने पाच सेकंद दाबून सोडा. दाबलेली जागा पांढुरकी होते आणि दोन सेकंदांच्या आत तिथे पुन्हा रंग भरतो. तो रंग भरणारी धमनी ओठाच्या आतल्या, ओल्या बाजूला, काही मिलिमीटर खोलीवर वळणे घेत जाते आणि तिची वाट प्रत्येकीच्या ओठात थोडी निराळी असते. सुई चुकून तिच्यात शिरली आणि जेल आत गेले, तर रंग परत येत नाही. ओठ पांढरा पडतो, मग त्यावर निळसर-जांभळी जाळी उमटते, बहुधा जोराच्या वेदना होतात आणि वेळेत उपाय झाला नाही तर तेवढी कातडी काळी पडून मरते. हेच जेल चेहऱ्यावरील धमन्यांच्या जाळ्यातून उलट्या दिशेने ढकलले जाऊन डोळ्याच्या धमनीत पोहोचले तर दृष्टी जाऊ शकते, आणि रक्त तुटल्यावर दृष्टिपटल साधारण 90 मिनिटेच तग धरते. भुवयांच्या मध्ये आणि नाकावर दिलेल्या फिलरमध्ये हा धोका अधिक, ओठांत तो विरळ. पण अनुभवी हातांकडूनही तो घडलेला आहे. मी स्वतः त्वचारोगतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे फिलर देत आले आहे. जेल विरघळवणाऱ्या हायल्युरॉनिडेझच्या कुप्या खणात आहेत की नाहीत हे पाहिल्याशिवाय मी सिरिंजचे पाकीट फोडत नाही, आणि समोरच्या स्त्रीला शेवटच्या पाळीची तारीख विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. तुम्हाला ती तारीख 9 फेब्रुवारीला कोणी विचारली होती का? विचारायला हवी होती. ती विचारणे हे सुई देणाऱ्याचे काम होते, त्यामुळे घडल्याचा सगळा दोष तुम्ही स्वतःच्या माथी घेऊ नका.

धमनीत जेल गेल्यावर हायल्युरॉनिडेझ मोठ्या मात्रेत आणि गरज पडल्यास तासातासाने द्यावे लागते. गर्भवतींमध्ये अशा वापराची माहिती तुटपुंजी आहे. प्रसंग ओढवलाच तर ओठ किंवा डोळा वाचवण्यासाठी ते द्यायलाच हवे, त्यात हयगय नको. परंतु तो प्रसंग हौसेपायी ओढवून घेऊ नये. संसर्गाचेही तसेच. फिलरमध्ये जंतू शिरले तर कधी चार दिवसांत ओठ लाल, गरम होऊन पू धरतो, तर कधी कित्येक आठवड्यांनी हट्टी गाठी येतात. त्यांच्यासाठी एरवी वापरली जाणारी बरीच औषधे गर्भारपणात हाताशी राहत नाहीत. डॉक्सिसायक्लिनच्या जातीची प्रतिजैविके बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम करतात, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची शक्यतो टाळली जातात, गाठींमध्ये टोचले जाणारे 5-फ्लुरोयुरॅसिल हे मुळात कर्करोगावरील औषध असून ते गर्भवतीला देता येत नाही, आणि सुजेवर सहज घेतली जाणारी आयब्युप्रोफेनची गोळीसुद्धा 20 आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडांसाठी आणि गर्भजलासाठी चांगली नाही. एरवी आठवडाभरात आटोक्यात येणारे दुखणे गर्भारपणात चिघळत जाते ते असे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि फिलरच्या चर्चेत तो क्वचितच ऐकायला मिळतो. गर्भारपणाचे 20 आठवडे उलटल्यावर काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, यकृत, मूत्रपिंडे, मेंदू यांवर ताण येतो. याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात आणि तो वेळीच ओळखला नाही तर आईला झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. पहिलटकरणींमध्ये तो अधिक आढळतो. त्याची सुरुवात पुष्कळदा अगदी साधी दिसते: हातातली अंगठी रुतायला लागते, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली आणि ओठांवर सूज दिसते, घरातले कोणी सहज म्हणून जाते की आज तोंड सुजल्यासारखे वाटते. त्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, उजव्या बरगडीखाली दुखणे. पायांवरची सूज बहुतेक गर्भवतींना येतेच. चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक आलेली सूज मात्र आम्हा डॉक्टरांना लगेच रक्तदाब मोजायला लावते. आता कल्पना करा की, जुलैअखेरीस, 28 व्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे हा आजार डोके वर काढतो त्याच काळात, तुम्ही ओठांत फिलर घेतले आहे. फिलरनंतर दोन-तीन दिवस ओठ सुजतात, कधी सूज आठवडाभर राहते, कधी कित्येक दिवसांनी पुन्हा येते. चेहऱ्यावर सूज दिसल्यावर तुम्ही, तुमच्या घरचे आणि त्या क्लिनिकमधले लोक काय म्हणतील? फिलरची सूज आहे, बर्फ लावा, उतरेल. ती फिलरची नसेल तर बर्फ लावण्यात गेलेले दोन दिवस फार महागात पडतील.

हे तुमच्या ओठांत आत्ता असलेल्या फिलरलाही लागू आहे. ते पाणी धरून ठेवणारे असल्यामुळे गर्भारपणात ओठ अधिक भरलेले वाटू शकतात. तरीही 20 आठवड्यांनंतर चेहरा सुजलेला दिसला, तर ती फिलरची सूज आहे असे मानण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. तो 140/90 किंवा त्याहून अधिक आला, किंवा वरचे कोणतेही लक्षण जाणवले, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

गर्भारपणातले ओठ मुळात एरवीचे नसतातच. शरीरातील रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढते, ओठ, नाक, हिरड्या फुगतात, दात घासताना रक्त येते, टोचलेल्या जागी काळेनिळे डाग चटकन पडतात आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ते रेंगाळतात. काहींच्या हिरडीवर किंवा ओठावर लालबुंद, बोट लागताच भळभळणारी छोटी गाठ येते. ती कर्करोगाची नसते आणि बहुधा बाळंतपणानंतर आपोआप जाते, पण बारीकशी इजासुद्धा तिला निमित्त होऊ शकते. असा ओठ समोर घेऊन त्यात किती भर घालावी हे ठरवणेही चुकीचेच ठरते, कारण बाळंतपणानंतर सूज ओसरल्यावर तो आकार राहत नाही.

आता त्या फ्रिजमधल्या सिरिंजकडे वळते. फिलरची सिरिंज कारखान्यात निर्जंतुक करून बंद केलेली असते आणि ती एकाच व्यक्तीसाठी, एकाच बैठकीत वापरायची असते. एकदा सुई ओठात जाऊन बाहेर आली की सिरिंजच्या टोकाशी तोंडातले जंतू आणि रक्ताचा अंश पोहोचलेला असतो. सुई बदलली तरी तो आत राहतोच, आणि फ्रिजच्या गारव्याने जंतू मरत नाहीत, फार तर त्यांची वाढ मंदावते. महाग वस्तू वाया जाऊ नये म्हणून उरलेले जेल ठेवून द्यायचे किंवा दोघी मैत्रिणींमध्ये एक सिरिंज वाटून द्यायची, ही पद्धत अनेक ठिकाणी सर्रास चालते, पैसे वाचले म्हणून पेशंटही खूश असतात. ते जेल म्हणजे साठवलेला संसर्ग आहे. शिवाय पाच महिने फ्रिजमध्ये पडलेल्या, हाताने नावे लिहिलेल्या सिरिंजांत अदलाबदल होणारच नाही, याची हमी कोण देणार? उरलेले वाया जाईल असे कोणी फोनवर म्हणाले तर खुशाल वाया जाऊ द्या आणि ती सिरिंज टाकून द्यावी असे त्यांना स्पष्ट सांगा.

यातूनच एक प्रश्न निघतो, तो टाळून चालणार नाही. 9 फेब्रुवारीला तुमच्यासाठी वापरलेली सिरिंज तुमच्यासमोर, बंद पाकिटातून काढली होती का? तुम्हाला तसे स्पष्ट आठवत असेल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. आठवत नसेल, किंवा तीही अशीच कोणाची उरलेली असल्याची शंका असेल, तर रक्तावाटे पसरणाऱ्या आजारांचा विचार करावा लागतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका स्पामध्ये चेहऱ्यावर रक्तातील घटक टोचून घेणाऱ्या स्त्रियांना तिथूनच एचआयव्हीची लागण झाल्याचे तपासात आढळले होते आणि तेथील आरोग्य यंत्रणेने 2024 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ते फिलर नव्हते, पण सुया आणि कुप्या हाताळण्यातला निष्काळजीपणा याच जातीचा होता. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या रक्ततपासणीत तुमची एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांची चाचणी झालेली असेल. परंतु ती मार्चमध्ये झाली असेल तर लागण असूनही तेव्हा दिसली नसण्याची शक्यता राहते, कारण हिपॅटायटिस बी रक्तात दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागू शकतात. म्हणून शंका असल्यास या दोन्ही चाचण्या, सोबत हिपॅटायटिस सीची, आता आणि पुन्हा शेवटच्या तिमाहीत करण्याबद्दल तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. हे लिहिताना तुम्हाला घाबरवण्याचा हेतू नाही. शक्यता कमी आहे, पण वेळेत कळले तर बाळाचा बचाव करता येतो: आईला हिपॅटायटिस बी असल्यास बाळाला जन्मल्यापासून 12 तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, देतात, आणि एचआयव्हीमध्ये आईला वेळेवर औषधे सुरू केल्याने बाळाला लागण होण्याचा धोका फार खाली येतो.

यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगणे आवश्यक आहे आणि ते पुढच्याच भेटीत सांगा. फिलरची तारीख, जागा, प्रमाण, एवढेच सांगायचे आहे; कारणे देण्याची, ओशाळण्याची गरज नाही. सोबत कोणी असेल तर दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे असे म्हणा. पेशंटने सांगितलेले तिच्या संमतीवाचून घरच्यांना न सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. नवऱ्याला किंवा सासूबाईंना सांगायचे की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे. पण ही काळजी दोन महिन्यांहून अधिक काळ तुम्ही एकटीने वागवली आहे, तेव्हा घरातल्या निदान एका माणसाला तरी सांगून पाहावे असे मला वाटते.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी क्लिनिकमधून उत्पादनाचे नाव आणि बॅच क्रमांक मागून घ्या. अस्सल फिलरच्या खोक्यात हा मजकूर असलेली चिकटपट्टी असते आणि ती पेशंटच्या नोंदीसाठीच दिलेली असते. त्यांनी टाळाटाळ केली किंवा नाव हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे नसले, तर ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सिलिकॉनचे द्रव इंजेक्शन आजही काही ठिकाणी स्वस्तात दिले जाते. ते विरघळवता येत नाही, आणि अनेक वर्षांनीही गाठी, विद्रूपता आणू शकते. तशी शंका आली तरी गर्भारपणात ओठांना हात न लावता नुसते लक्ष ठेवणे हेच बहुधा योग्य ठरते. सुई नको असेल तर पेनने करून देऊ, असेही कोणी म्हणेल. दाबाच्या जोरावर जेल आत घुसवणारी ही पेने वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्येच दिला आहे आणि तो गर्भवती नसलेल्यांसाठीही आहे. सुरकुत्यांसाठी टोचल्या जाणाऱ्या बोटॉक्सबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी त्याचेही उत्तर बाळंतपणापर्यंत नको हेच आहे.

ओठांत फिलर आहे म्हणून धनुर्वाताची लस किंवा फ्लूची लस टाळू नका. लसीनंतर किंवा तापानंतर फिलरच्या जागी क्वचित थोडी सूज येते आणि बहुधा ती आपोआप उतरते. लस चुकवण्याचे नुकसान त्यापेक्षा कितीतरी मोठे आहे. दातांचे दुखणे असेल तर तेही अंगावर काढू नका, दंतवैद्याला फिलरची कल्पना देऊन उपचार करून घ्या.

बाळंतपणानंतर लगेचही घाई नको. जेलचा रेणू दुधात उतरण्याइतका लहान नाही, परंतु अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांमध्येही याचा अभ्यास झालेला नाही, आणि चेहऱ्यावरची सूज, वांग, हार्मोन्स यांची घडी बसायला काही महिने लागतात. बाळ पहिले सहा महिने केवळ तुमच्या दुधावर असेल. निदान तेवढा काळ आणि शक्य तर दूध सुटेपर्यंत थांबा, असा माझा सल्ला राहील. तुमच्या ओठांवर पूर्वी कधी तापाचे फोड आले असतील तर याला आणखी एक कारण आहे. ओठांत सुई टोचल्याने त्या फोडांचा शरीरात झोपून राहिलेला विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो, आणि ओठावर फोड असलेल्या आईने घेतलेल्या मुक्यातून नवजात बाळाला होणारा हा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो.

राहिले डोहाळजेवण. ओठांतले हायल्युरॉनिक अ‍ॅसिड साधारण सहा महिने ते वर्षभर टिकते, म्हणजे 9 फेब्रुवारीला घेतलेले फिलर जुलैअखेरीस तुमच्या ओठांत बऱ्यापैकी असेलच, आणि त्यावर गर्भारपणाचा भरीवपणाही असेल. फोटोसाठी आणखी काही घालण्याची गरज पडणार नाही. ओठ सुकत असतील तर रात्री तूप किंवा व्हॅसलीन लावा, बाहेर पडताना झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन चेहऱ्यावर लावा, लिपस्टिक हवी ती लावा. आणि त्या दिवशी सकाळी, हिरवी साडी नेसून फुलांचे दागिने अंगावर चढवण्यापूर्वी, एकदा रक्तदाब मोजून घ्या.